ट्रायथलॉन करणाऱ्या आईला भेट देताना: आधी माप, मग खरेदी

पाडव्याची ओवाळणी असो, वाढदिवस असो की भाऊबीज, ट्रायथलॉनची तयारी करणाऱ्या बाईला काय द्यावं असा प्रश्न निघाला की घरची मंडळी थेट महागडं घड्याळ नाहीतर बूट बघायला लागतात. खरी अडचण पैशांची नसते, मापाची असते. पोहणं, सायकल आणि धावणं या तिन्हींचं सामान शरीराच्या आणि सायकलच्या मापाचं लागतं. त्यात आईची गोष्ट अशी की मुलांनी हौसेनं आणलंय म्हणून ती चुकीच्या मापाची वस्तूसुद्धा निमूट वापरते. बूट अर्धा नंबर लहान असला तरी ‘छान आहेत’ म्हणते आणि महिन्याभरात नखं काळी करून घेते. म्हणून दुकानात जायच्या आधी चार दिवस घरातच शोध घ्यायचा.

पहिली गोष्ट, ती कशाची तयारी करते आहे ते नीट माहीत करून घ्या. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतर १.५, ४० आणि १० किलोमीटरचं. गोव्यात २०१९ पासून होणारी आयर्नमॅन ७०.३ म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. स्प्रिंटवालीला बाटली, बेल्ट, चांगला गॉगल एवढ्यानं भागतं. ७०.३ वालीचे तीन-चार तास सायकलच्या सीटवर जातात, तिच्या गरजा निराळ्या.

दुसरी गोष्ट, तिचं आत्ताचं सामान वाचा. बुटाच्या जिभेच्या आत लेबल असतं. त्यावर यूके, यूएस, ईयू आणि सेंटिमीटर असे चार आकडे असतात, त्यातला सेंटिमीटरचा टिपून घ्या. बाकीचे आकडे कंपनीगणिक सरकतात. टायरच्या कडेला ७००×२५ किंवा २५-६२२ असं कोरलेलं असतं, त्याचा मोबाईलवर फोटो काढा. सायकलच्या हवेचा वॉल्व्ह, पेडल आणि मागच्या चाकाचा दांडा यांचेही फोटो घ्या. हे चार फोटो जवळ असले की दुकानदार तुम्हाला चुकीची वस्तू सहसा देणार नाही.

सायकलचं सामान

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी दिली जाणारी भेट म्हणजे पंक्चरची पूर्ण पिशवी. सातारा-पुणे महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रकच्या टायरांच्या बारीक पोलादी तारा पडलेल्या असतात. केसाएवढी तार टायरात शिरते आणि बाहेरून दिसतही नाही. कोरेगाव, खटाव, माण बाजूला बाभळीचे काटे. घरापासून तीस किलोमीटरवर पंक्चर झालं आणि सात वाजता मुलाची शाळेची व्हॅन यायची असेल, तर त्या बाईची काय तगमग होते ते तिलाच ठाऊक.

पिशवीत हे घाला: दोन ट्यूब, टायर रिमवरून उचकटायचे नायलॉनचे दोन लिव्हर, छोटा हातपंप, सहा-सात चाव्यांचा मल्टिटूल, चार चिकट पॅच आणि कापसाचा छोटा बोळा. कापूस त्या तारेसाठी. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापूस गोल फिरवायचा, जिथे तार असेल तिथे धागे अडकतात. बोटं फिरवली तर बोट कापतं. तार न काढता नवी ट्यूब टाकली की पाच मिनिटांत तीही पंक्चर होते. दोन्ही ट्यूब रस्त्यात संपतात त्या बहुतेक अशाच. लिव्हर लोखंडी नकोत, त्यांनी ट्यूब चिमटते आणि रिमला चरे पडतात.

ट्यूब घेताना दोन मापं लागतात. टायर ७००×२५ असेल तर ट्यूबच्या डबीवरच्या पल्ल्यात २५ हा आकडा आला पाहिजे. दुसरं माप वॉल्व्हच्या लांबीचं. रिमची उंची मोजा, त्यात किमान १५ मिलिमीटर मिळवा. साध्या, बुटक्या रिमला ४८ मिलिमीटरचा वॉल्व्ह पुरतो, ४० मिलिमीटर उंच रिमला ६० चा लागतो. आखूड वॉल्व्ह रिमच्या आतच राहतो आणि पंपाचं तोंड बसत नाही. रेसिंग सायकलींचा वॉल्व्ह बारीक असतो, त्याला प्रेस्टा म्हणतात. आपल्याकडच्या पंक्चरवाल्याचा पंप मोटारसायकलच्या जाड वॉल्व्हचा. दोन्ही जुळवणारा पितळी अडॅप्टर बोटाच्या पेराहून लहान आणि चहा-वड्याच्या पैशांत येतो. त्याचे दोन घ्या, एक पिशवीत आणि एक वॉल्व्हवरच फिरवून ठेवायला.

घरासाठी काटा असलेला उभा पंप द्यायला हरकत नाही. अंगठ्यानं दाबून हवा बघायची सवय फार जणांना असते आणि ती फसवते. साठ किलोच्या आसपास वजन असेल तर २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण ७५ ते ८० पीएसआय आणि २८ च्या टायरमध्ये ६५ ते ७० पुरतात, पुढच्या चाकात त्याहून पाचेक कमी. टायरच्या कडेवर लिहिलेला सर्वांत मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तेवढी हवा भरायचीच असं नाही. जास्त हवा भरली की खडबडीत रस्त्यावर सायकल उसळते, हात बधिर होतात आणि ओल्या घाटात पकड कमी होते.

दिव्यांत कंजूषी करू नका. आई पहाटे जाते, कारण नंतरचा दिवस तिचा नसतो. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात, कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. कासच्या रस्त्यावर पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. पुढचा पांढरा दिवा शहरातल्या उजेडात ४०० ल्युमेनचा चालेल, यवतेश्वर घाटाचा उतार अंधारात उतरायचा असेल तर ८०० चा घ्या. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या ल्युमेनला तो किती वेळ चालतो ते आत बारीक अक्षरात असतं, तो आकडा दोन तासांच्या वर हवा. मागचा लाल दिवा सीटच्या दांडीला सरळ मागे तोंड करून बसला पाहिजे. पुष्कळदा तो पंक्चरच्या पिशवीमागे लपतो किंवा आभाळाकडे बघत असतो. बांधून झाल्यावर वीस पावलं मागे जाऊन स्वतः बघा.

हेल्मेटसाठी भुवयांच्या बोटभर वर टेप फिरवून डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. आत ईएन १०७८ हा सायकलच्या हेल्मेटचा शिक्का शोधा. स्कूटरच्या हेल्मेटचं मानक वेगळं, वजन जास्त, आणि चढावर त्यात डोकं उकडतं. लांब केसांचा आंबाडा किंवा वेणी असेल तर मागच्या कड्यातून केस बाहेर काढायला जागा आहे का ते पाहा, नाहीतर हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि डोळ्यांवर येतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलायचं. आईचं हेल्मेट पडलेलं तुम्हाला माहीत असेल, तर यंदाची भेट ठरली.

सीट

सीट ही गुपचूप द्यायची वस्तू नाही, पण तिच्या मापाचा खेळ मुलांनी घरी करण्यासारखा आहे. बाळंतपणानंतर ओटीपोट आणि जांघेजवळचा भाग नाजूक झालेला असतो. चुकीच्या सीटवर दोन तास बसलं की सूज येते, बधिरपणा येतो आणि लघवीला जळजळ होते. बायका याबद्दल घरात बोलत नाहीत. सायकलच बंद करतात.

खोक्याचा नालीदार पुठ्ठा घ्या, साधारण ३० बाय ३० सेंटिमीटरचा. कडक, बुटक्या स्टुलावर ठेवा. पातळ पँटवर त्यावर बसायचं, गुडघे थोडे वर, अंग किंचित पुढे झुकलेलं, आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून स्वतःला खाली ओढायचं. वीस सेकंद. मग पुठ्ठ्यावरून खडू आडवा घासा. बसायच्या हाडांचे दोन खळगे पांढरे न होता तसेच राहतात. त्यांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा आणि त्यात साधारण २० मिलिमीटर मिळवा. १२० भरलं तर सीट १४० च्या आसपास. बाजारात १४३, १५५, १६८ अशी रुंदी मिळते. मधे लांब चीर असलेली सीट पुढच्या भागावरचा दाब कमी करते, ट्रायथलॉनसाठी खाली वाकून चालवताना तिचा फरक चटकन कळतो. जाड, गुबगुबीत जेलची सीट किंवा वरून घालायचं जेलचं कव्हर घेऊ नका. हाडं त्यात रुततात आणि सगळा दाब मधल्या मऊ भागावर येतो.

अंगावरचं

ट्रायसूट म्हणजे पोहण्यापासून धावण्यापर्यंत न बदलता घालायचा एकच पोशाख. बायकांसाठी दोन भागांचा घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. एकसंध सूट ओला झाल्यावर स्वच्छतागृहात उतरवणं आणि पुन्हा चढवणं यात मिनिटं जातात, म्हणून बायका पाणीच कमी पितात. गोव्याच्या उकाड्यात ते धोक्याचं आहे. सिझेरियन झालेलं असेल तर विजारीचा इलॅस्टिक पट्टा टाक्यांच्या रेषेवर येतो का ते आधी विचारा. रुंद आणि कमरेच्या वर जाणारा पट्टा बरा. रंग काळा किंवा गर्द निळा. धावताना थोडी लघवी सुटणं बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं, पाळी आहेच, आणि फिकट रंगानं मनाला घोर लागून राहतो.

धावण्याची ब्रा नवऱ्यानं किंवा बहिणीनं द्यायला काहीच संकोच नको, पण माप तिनेच घ्यावं. छातीखालचा घेर टेप घट्ट धरून, आणि छातीचा पूर्ण घेर सैल धरून. आधार खांद्याच्या पट्ट्यांपेक्षा खालच्या रुंद पट्ट्यातून मिळतो. त्यात दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत, हात वर केल्यावर पट्टा वर सरकता कामा नये. अंगावर पाजणाऱ्या आईचं माप महिन्यामहिन्याला बदलतं, तिला मागे हुकांच्या तीन-चार ओळी असलेली घ्या आणि धावायच्या आधी बाळाला पाजून घ्यायला वेळ द्या. कपड्यांचं लेबल ती घालून बघेपर्यंत काढू नका. आतले कपडे बरीच दुकानं परत घेत नाहीत, ते आधी विचारा.

बुटांबद्दल एक गोष्ट घरात कुणाला माहीत नसते. गरोदरपणात पावलाची कमान थोडी उतरते आणि पाऊल लांब-रुंद होतं, ते पुष्कळदा तसंच राहतं. लग्नाआधीचा किंवा पहिल्या मुलाच्या आधीचा नंबर धरून बूट आणू नका. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कोऱ्या कागदावर तिला उभं करून पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलं रेखा. मोठ्या पावलाची लांबी घ्या आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. यवतेश्वर घाटातून उतरताना, सातारा हिल हाफ मॅरेथॉनचा परतीचा रस्ता बहुतेक उतारच असतो, पाऊल बुटात पुढे सरकतं आणि जागा नसेल तर नखं मरतात. जोडवी घालून धावणाऱ्यांना शेजारच्या बोटाला फोड येतो. जोडवी, मंगळसूत्र, बांगड्या ठेवायला चेनची छोटी मऊ पिशवी द्या, तलावावरच्या बॅगेत ती फार कामाला येते. मंगळसूत्र सूटच्या चेनमध्ये अडकून तुटल्याचं दुःख निराळंच असतं.

इलॅस्टिकच्या नाड्या ही थोडक्या पैशांतली उत्तम भेट आहे. ओवून द्या, पण बूट घालून तिने एक-दोनदा धावल्याशिवाय टोकं कापू नका. ताण जमला की नाडी धरून ठेवणारं छोटं कुलूप बसवून तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापायचं. आधी कापलं आणि घट्ट झालं तर नाडी वाया जाते. स्पर्धेचा नंबर लावायचा इलॅस्टिक बेल्टही सोबत घ्या. सायकलवर नंबर पाठीवर आणि धावताना पोटावर फिरवता येतो, सूटला पिनांची भोकं पडत नाहीत.

पाण्यातलं

गॉगल नवा निवडण्यापेक्षा तिला बसतो तोच, वेगळ्या काचेचा घ्या. सकाळच्या अंधुक उजेडाला पारदर्शक किंवा फिकट निळी काच, उन्हात चकचकीत आरसा काच. गोव्यात मिरामारचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी किनाऱ्याकडे परतताना सूर्य समोर येतो आणि पारदर्शक काचेतून खुणेचा फुगा दिसत नाही. जाड चष्मा असेल तर नंबरच्या काचेचे गॉगल मिळतात, उणे दीडपासून पुढे अर्ध्या-अर्ध्या टप्प्यानं. चष्म्याच्या नंबराचा कागद काढून पाहा. काच आतून बोटानं पुसायची नाही, धुकं न धरणारा थर निघून जातो.

टोपी सिलिकॉनची आणि लांब केसांची. लेटेक्सची टोपी स्वस्त असते, पण डोक्याला तेल लावायची सवय असेल तर तेलानं लेटेक्स मऊ पडून फाटतं.

उघड्या पाण्यात, म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम तलावात किंवा समुद्रात पोहणार असेल, तर कमरेला बांधून मागे ओढायचा नारिंगी फुगा द्याच. पोहण्याचा वेग त्यानं विशेष कमी होत नाही आणि लांबून माणूस दिसतो. दमलं तर धरून थांबताही येतं. पण फुगा म्हणजे जीवरक्षक जॅकेट नव्हे, सोबत माणूस हवाच.

आणि आता घरी शिवायची एक वस्तू, हिच्याएवढी मनापासून वापरली जाणारी दुसरी नाही. तलावाकाठी कपडे बदलायला आडोसा नसतो. त्यासाठी अंगावर घ्यायचा टॉवेलचा झगा. दोन मोठे सोलापुरी टर्किश टॉवेल घ्या, साधारण ७५ बाय १५० सेंटिमीटरचे, गर्द रंगाचे. आधी एकदा धुऊन वाळवा, कारण सुती टॉवेल आटतो. शिवल्यावर आटला तर गळा आवळतो. दोन्ही उभे एकावर एक ठेवा. खांदा ते पोटरी एवढी लांबी ठेवायची, पाच फुटांच्या बाईला १०५ सेंटिमीटर पुरते. खालचा राहिलेला तुकडा कापून बाजूला ठेवा. वरच्या कडेला मधे ३२ सेंटिमीटर गळा मोकळा सोडून दोन्ही खांदे शिवा. बाजूंना खांद्यापासून २५ सेंटिमीटर हातांसाठी सोडून खालपर्यंत शिवा, तळाशी चालण्यापुरती वीतभर फट ठेवा. उरलेल्या तुकड्यांची टोपी आणि आतला खिसा होतो. शिवण दुहेरी घाला आणि कापलेल्या कडा ओव्हरलॉक करून घ्या, टर्किश कापडाचे धागे फार सुटतात. बाह्या लावू नका. आतल्या आत हात ओढून घेता आले पाहिजेत, त्यासाठीच तर हा झगा.

घड्याळ आणि घरातली सायकल

घड्याळावर ‘पोहणं, सायकल, धावणं’ तिन्ही चिन्हं असली म्हणजे ते ट्रायथलॉनचं झालं असं नाही. एका बटणावर एका खेळातून दुसऱ्यात नेणारा ट्रायथलॉन मोड आणि तलावाबाहेर पोहण्याचा वेगळा मोड, हे दोन शब्द माहितीपत्रकात शोधा. गार्मिन फोररनर ५५ मध्ये ट्रायथलॉन मोड नाही, २५५ मध्ये आहे. कोरोस पेस ३ मध्येही आहे. मनगट बारीक असेल तर २५५ एस हे लहान घड्याळ मिळतं. पण चाळिशी लागली असेल तर मोठा पडदाच घ्या, धावताना चष्मा लावून कुणी आकडे वाचत नाही. वॉरंटीसाठी भारतातलं पक्कं बिल हवं.

साताऱ्यात जून ते सप्टेंबर पावसाची झड लागते, तेव्हा घरात सायकल चालवायचा ट्रेनर आईला रस्त्यापेक्षा जास्त सोयीचा. मूल झोपलेलं असताना तासभर होतो. चाक रोलरवर टेकणारा स्वस्त असतो, पण घूं घूं आवाज करतो आणि टायर खातो. मागचं चाक काढून बसवायचा शांत, पण त्यावर तिच्या सायकलला जुळणारा मागच्या दात्यांचा संच बसवावा लागतो आणि मागचा दांडा १२×१४२ मिलिमीटरचा आरपार की जुना, खटक्यानं उघडणारा क्विक रिलीजचा हे आधी बघावं लागतं. तो चौथा फोटो यासाठी होता. खाली जाड रबरी चटई, समोर टेबलफॅन. हँडल आणि चेनवर घाम पडू देऊ नका, खारानं बोल्ट गंजतात. घरात रांगणारं किंवा चालायला लागलेलं मूल असेल तर खोलीचं दार आतून बंद होत असेल तरच ट्रेनर आणा. फिरत्या चाकात आणि चेनमध्ये बोट जायला एक क्षण लागतो.

काय आणू नये

वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात ऊब देणारा रबरी सूट, गोव्यासाठी निरुपयोगी. तो थंड पाण्यासाठी असतो, आणि तिथला समुद्र उबदार असतो. कानातले हेडफोन, हाडांतून ऐकू येणारेसुद्धा, स्पर्धेत घालायला बंदी आहे. सरावालाही रस्त्यावर नकोत. पेडल आणि सायकलचे बूट आंधळेपणानं घेऊ नका, बुटाच्या तळाला लावायचा, पेडलात अडकणारा दोन बोल्टचा क्लीट तीन बोल्टच्या पेडलात बसत नाही. वजनकाटा, बारीक होण्याच्या पावडरी, पोट आवळणारे पट्टे ही भेट होत नाही, तो टोमणा होतो.

खाऊ द्यायचा तर एका चवीचा खोकाभर न घेता शर्यतीत खायच्या चार-पाच वेगवेगळ्या जेल दोन-दोन घ्या. एका पुडीत साधारण २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि पोटाला कुठली सोसते ते सरावातच कळतं. सोबत राजगिऱ्याचे लाडू आणि ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या.

स्पर्धेला तीन आठवड्यांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर बूट, सूट, सीट, गॉगल यांतलं काहीही हातात देऊ नका. ती तुमच्या प्रेमाखातर ते स्पर्धेत घालेल आणि न मुरलेली शिवण ९० किलोमीटर मांडी सोलत राहील. अशा वेळी पंक्चरची पिशवी भरून द्या, चेन पुसून तेल घालून ठेवा, आणि राहिलेल्या रविवारी सकाळी सहा ते दहा घर आणि मुलं कोण बघणार ते नाव घालून कॅलेंडरवर लिहून टाका.